डावा कान

खैरवाड्यात भिकुबाईच्या तोंडाला लागायची कुणाची छाती नव्हती. एरवी बाई तशी मायाळू, दारी आलेल्या कुत्र्यालाही भाकरी दिल्याशिवाय घास गिळायची नाही. पण तोंडाचा पट्टा एकदा सुटला की समोरच्याने गुपचूप खाली बसावं. वर्षातून एक दिवस मात्र तोच पट्टा ऐकायला सगळं गाव नदीवर लोटायचं. तो दिवस आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा.

अनेर नदीच्या या काठाला खैरवाडे, ते धुळे जिल्ह्यात. पलीकडे नांदरडे, ते जळगावात. आखाजीच्या सुमारास नदीत घोट्याएवढं पाणी उरतं, बाकी सगळी वाळू. माहेरी आलेल्या लेकी, त्यांच्या भावजया, आया, सासवा नटूनथटून दोन्ही काठांवर उभ्या राहतात आणि गाण्यातून समोरच्या गावाच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात. पुरुष लांब बांधावर बसून आपल्याला काही ऐकूच येत नाही असा चेहरा करतात. या भांडणाला नियम दोनच. सोयरीक जितकी जवळची, तितकी शिवी तिखट. आणि ऊन कललं की सगळ्यांनी पाण्यात उतरून चूळ भरायची, समोरच्या बाईच्या हातची रव्याच्या सारणाची गोड सांजोरी खायची. चूळ भरली की शिवी नदीची झाली, ती घरी न्यायची नाही. भिकुबाईची सासू सांगायची, तिच्याही सासूच्या काळापासून एकही शिवी नदी ओलांडून कुणाच्या घरी गेलेली नाही.

यंदा तर भिकुबाईची नात ऋतिका नांदरड्यालाच द्यायची ठरली होती. मुलगा हितेंद्र, म्हणजे कुंदाबाईचा नातू. कुंदाबाई आणि भिकुबाई नवऱ्या होऊन या दोन गावांत आल्या त्या एकाच वर्षी, आणि तेव्हापासून दर आखाजीला एकमेकींसमोर उभ्या राहत आल्या होत्या. असली सोयरीक जुळल्यावर शिवी मिळमिळीत दिली असती तर नांदरडेकरांनी अपमानच मानला असता. भिकुबाईने पदर खोचला, हात नाचवला आणि आवाज लावला:

"नांदरडाले दिधी पोर, तिले टाकं हिरमा,
आंधयी सासू, बहिरा सासरा, दिवा नही घरमा!"

म्हणजे, नांदरड्याला पोर दिली ती विहिरीतच टाकली म्हणा. दोन्ही काठ हसून लोटपोट झाले. होणारी सासू कोकिळा हिचे डोळे इतके तेज की वाळूत पडलेली टिकलीसुद्धा तिला दिसायची, त्यामुळे तिला तर हसू आवरेना. सासरा शालिग्राम मात्र खरोखर एका कानाने बहिरा होता. लहानपणी तापात त्याचा उजवा कान गेलेला. दोन्ही गावांना हे ठाऊक होतं, इतकं ठाऊक की ते ठाऊक असल्याचंही कुणाच्या ध्यानात नसायचं. त्याच्याशी बोलायचं तर माणूस आपोआप त्याच्या डाव्या हाताला जायचा. पंगतीत डावीकडची जागा आधी भरायची. या कानाबद्दल बाराही महिने कुणी चकार शब्द काढत नसे. काढायचा तर तो आखाजीला, नदीत, आणि लगेच चूळ भरून सोडून द्यायचा. त्या दिवशी बांधावर सगळ्यांत मोठ्याने हसला तो शालिग्रामच.

आता यात चुकलं कुणाचं म्हणाल, तर कुणाचंच नाही. भिकुबाईची लेक दिपमाला सुरतेहून आखाजीला आली होती. तिने आईचं गाणं फोनमध्ये घेतलं. हसू फुटलं तसा हात हलायला लागला, म्हणून तिथेच थांबवलं. मग चूळ भरताना आणि सांजोरी भरवताना दुसरं घेतलं. रात्री कौतुकाने दोन्ही व्हिडिओ नेटवर टाकले, सुरतेतल्या खानदेशी मैत्रिणींनी बघावे म्हणून. गाण्याच्या पुढे काय होतं ते तिच्या लेखी सांगायची गोष्टच नव्हती. शिवीनंतर चूळ असते हे कुणाला माहीत नसतं?

दोन दिवसांनी ऋतिका धावतच ओट्यावर आली. "मोठी माय, तुले लाखो लोकंसनी दखं!"

भिकुबाई वाल निवडत होती. "लाख म्हंजे कितला वं?"

ऋतिका शिरपूरला फार्मसी शिकत होती, पण आजीला समजेल असा हिशेब तिच्याजवळ होता. "धुयं, जयगाव, भुसावळ, शिरपूर, बठ्ठं एकजागे कर. त्यानाथीन बी जास्ती."

"माय वं!" भिकुबाईच्या हातातलं सूप कलंडलं. उभ्या आयुष्यात तिचा आवाज फार तर नांदरड्याच्या मारुतीपर्यंत पोचला होता, तोही वारा तिकडचा असला तर. आणि आता ती इथे ओट्यावर बसलेली असताना तिचा आवाज तिला सोडून भुसावळ ओलांडून गेला होता! तिने आभाळाकडे पाहिलं. आभाळ नेहमीसारखंच रिकामं होतं. एवढी माणसं नेणारी वाट त्यात कुठे असेल, याचा विचार करत ती बराच वेळ तशीच बसून राहिली. आणि खरं सांगायचं तर तिची छाती अभिमानाने भरून आली.

शिरपूरच्या बाजारात गेली तर चहाच्या टपरीवर तिचाच आवाज चाललेला. एसटीत मागच्या बाकावरून तोच आवाज. एका ट्रॅक्टरवर तर त्याला ढोलकी जोडलेली ऐकू आली, आणि मधेच तिचं 'बहिरा सासरा' चार चार वेळा येत होतं. ती वळून वळून बघत राहिली. स्वतःचाच आवाज पाठीमागून यावा आणि आपलं तोंड मात्र मिटलेलं असावं, हे तिने भुताखेताच्या गोष्टीतही ऐकलं नव्हतं.

चार-सहा दिवसांत अभिमानाची जागा दुसऱ्याच कशाने तरी घेतली. गाण्याखाली लोक लिहीत होते. ज्यांनी अनेर पाहिली नव्हती, आखाजी कशाशी खातात ते माहीत नव्हतं, त्यांचे दोन तट पडले होते. एक तट म्हणे, बिचाऱ्या आजीची नात कसायांच्या घरी चालली, हे लग्न मोडा. दुसरा म्हणे, ही थेरडी तोंडाळ आहे, मुलाकडच्यांनीच मोडावं. कुणीतरी शालिग्रामच्या खात्यावरून त्याचा फोटो शोधून काढला, कानाला लाल गोल केला आणि गाण्याला जोडला. भिकुबाईने तर कुणाचं नावसुद्धा घेतलं नव्हतं! नांदरडे हे गाव, हे लग्न, हा सासरा, हा त्याचा कान, एवढं सगळं त्या अदृश्य गर्दीने बसल्या जागी जुळवून काढलं. शालिग्रामला तर फोन उघडला की कानात घालायच्या मशीनच्या जाहिराती दिसायला लागल्या. ज्या गोष्टीबद्दल त्याची सख्खी आईसुद्धा कधी बोलली नव्हती, ती त्याचा फोन सकाळ-संध्याकाळ त्याला ऐकवत होता. आणि मग चोपड्याच्या बाजारात केळीच्या सौद्याला गेला असता एक अनोळखी पोरगा त्याच्या कानाशी वाकून ओरडला, "बहिरा सासरा!" बाजार हसला.

त्याच संध्याकाळी भिकुबाईच्या मुलाला, समाधानला, शालिग्रामचा फोन आला. आवाज थंड होता. "आक्काले सांगा, जठे मना कान बठ्ठा जगले दखाडा, तठेच माफी मांगा. नही तं हाई लगन व्हनार नही."

समाधानने फोन ठेवला आणि आईकडे पाहिलं. शालिग्रामचा राग तिला खोटा वाटेना. ती शिवी त्याच्या घरी गेली होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

"ते गानं काढी टाक," ती ऋतिकाला म्हणाली.

दिपमालाने आपल्याकडचं केव्हाच काढलं होतं. पण तोवर ते हजार ठिकाणी उगवलं होतं. ते गाणं दाखवणाऱ्या कंपनीकडे ऋतिकाने तक्रार केली. आपल्या घरच्यांचा छळ होतोय, काढून टाका, असं लिहिलं. चुलीवरचं दूध उतू जायच्या आत उत्तर आलं. ऋतिकाने वाचून दाखवलं: आम्ही तपासले, यात आम्हाला काही गैर आढळले नाही.

"इतलामा कोनी तपासं?" भिकुबाई चकित होऊन म्हणाली.

"मानूस नही, मोठी माय. मशीन."

"आन सांजोरीनं? ते दुसरं? ते का बरं कोनी दखस नही?"

ऋतिकाने ते शोधून काढलं. चूळ भरणाऱ्या बायका, कुंदाबाईला सांजोरी भरवणारी भिकुबाई, दोघींचे ओले हसरे चेहरे. ते पाहिलं होतं फक्त दिपमालाच्या सुरतेच्या मैत्रिणींनी. "मशीन ते कोनले दखाडसच नही," ती म्हणाली. "भांडन दखाडं का लोकं थांबतस. सांजोरीले कोन थांबस?"

"म्हंजे त्या मशीनले मनी शिवीच गोड लागनी?"

"हो. शिवीच गोड लागनी."

एवढं अफाट काहीतरी, धुळे-जळगाव एका मुठीत धरणारं, आणि त्याने भिकुबाईच्या एका दिवसातली फक्त शिवी उचलावी, चूळ टाकून द्यावी! तिने ठरवलं, मालकालाच गाठायचं. दुसऱ्या दिवशी समाधानला घेऊन ती शिरपूरला गेली, जिथून ऋतिकाचा फोन घेतला होता त्या दुकानात. मगन नावाचा दुकानदार गावाकडचाच. भिकुबाईने सगळी हकीकत सांगून वर बजावलं की बाबा, तुझ्या फोनने आमचं घर मोडायला घेतलंय, आवर त्याला.

मगनला हसू आलं होतं, ते त्याने म्हातारीचा चेहरा बघून गिळलं. "आक्का, मी फक्त डबा विकस. आतमा काय चालस, माले बी माहीत नही."

"मंग मालक कोठे शे?"

"समुद्रना पल्याड."

"त्याले आपली बोली समजस का?"

"त्याले बठ्ठी दुनियानी बोली समजस. कोन कोठे गया, काय बोलना, बठ्ठं त्याना जोडे लिखेल शे." मगनने हात जोडले. "पन आपन काही सांगाले गयात, तं तठे आयकनारं कोनीच नही."

परतीच्या वाटेवर भिकुबाई मोटरसायकलवर मागे बसून विचार करत राहिली. देवाचं तिने असं ऐकलं होतं, की तो सगळं बघतो, सगळं ऐकतो. पण देवाला निदान गाऱ्हाणं घालता येतं. गावात देऊळ असतं, पायरीवर डोकं टेकता येतं. याची पायरी कुठे?

घरी आली तर ऋतिका माजघरात भिंतीला टेकून बसली होती. फोन तिच्या मांडीवर होता आणि पडद्यावर एकापाठोपाठ एक तरुण मुलांचे फोटो सरकत होते. कुणी सुटाबुटातला, कुणी गाडीला टेकलेला.

"ह्या कोन शेत वं?"

"नवरदेव." ऋतिकाने डोळे पुसले. "फोन माले दखाडी ऱ्हायना. नवं ठिकान पाहा म्हनस."

"तुनं लगन अडकेल शे, हाई त्याले कोनी सांगं?"

"कोनीच नही. मी काही लिखं नही, काही बोलनं नही. हितेंद्र आते माले काही लिखस नही, तितलावरथीनच त्यानी समजी लिधं."

बोललेलं ऐकतो ते ठीक. हा तर न बोललेलंही ऐकत होता. दोन पोरांमधली शांतता त्याने ऐकली होती, घरातल्या आईबापाच्या मनात नवा नवरदेव यायच्या आधी याने तो दारात आणून उभा केला होता. भिकुबाई त्या पडद्याकडे टक लावून बघत राहिली, आडात वाकून बघतात तशी, तळ दिसत नव्हता. भीती होतीच, पण भीतीहून मोठं काहीतरी होतं. एवढी ताकद! आणि एवढ्या ताकदीला एक साधी गोष्ट कळू नये, की ही पोर रडते आहे.

"उद्या मी नांदरडाले जास," ती म्हणाली. "माफी मांगसू."

हे म्हणणं तिला सोपं नव्हतं. आखाजीच्या शिवीची माफी मागितली तर ती शिवी खरी ठरली. मग पुढच्या वर्षी कोणती बाई नदीवर तोंड उघडणार? सासूच्या सासूपासून चालत आलेलं काहीतरी आपल्या हाताने पुरायला आपण चाललोय, असं तिला वाटलं आणि त्या विचाराने ती मनातल्या मनात रडली. पण पोर मोठी की आखाजी मोठी? तिने पोर धरली.

शालिग्रामच्या मळ्यात केळीची कापणी चालली होती. घड खांद्यावर घेऊन माणसं बांधाकडे येत होती, झाडाच्या सावलीत गाडी भरत होती. समाधान आणि ऋतिकाबरोबर भिकुबाई आली, तसे घड जमिनीला लागले आणि हात खिशात गेले. बघता बघता तिच्याभोवती फोनच फोन उभे राहिले. मळ्यातली माणसं ओळखीची होती, पण फोन वर झाला की चेहरा झाकला जायचा, आणि तिला वाटलं, ही माणसं नाहीत, तोच उभा आहे, शंभर डोळ्यांनी. आता जे तोंडातून निघेल ते चूळ भरून परत येणार नाही. जन्मात पहिल्यांदा भिकुबाईला स्वतःच्या तोंडाची भीती वाटली.

शालिग्राम हाताची घडी घालून उभा होता. मागे केळीच्या पाल्यावर कुंदाबाई बसली होती, मान खाली. हितेंद्र लांब गाडीजवळ. एका पोराने फोन सरसावत भिकुबाईला खूण केली. "आक्का, त्याना उजवा हातले उभी ऱ्हाय. उजेड चांगला शे तठे."

भिकुबाईने उजेडाकडे पाहिलं. मग काही न बोलता ती शालिग्रामच्या पाठीमागून वळसा घालून त्याच्या डाव्या हाताला जाऊन उभी राहिली. तिने हे मुद्दाम केलं नाही. दोन गावांतलं कुणीही तेच करतं. तिथून तिचा चेहरा सावलीत गेला आणि पोराने चुकचुक केली.

शालिग्रामने मात्र मान वळवली. त्याने तिच्याकडे पाहिलं. लाखो लोकांना कळलं होतं की शालिग्राम बहिरा आहे. त्यातल्या एकालाही त्याचा डावा कान ठाऊक नव्हता. त्याच्या हाताची घडी सुटली.

आणि भिकुबाईच्या पोटात आखाजी उसळली. ती टाचांवर उंच झाली, आपला पदर ओढून तिने दोघांच्या तोंडावर आडोसा केला आणि त्याच्या डाव्या कानाला तोंड लावून काहीतरी बोलली. माफी नव्हती ती. ती शिवी होती, नदीवर दिली त्याहून दसपट तिखट, खास त्याच्यासाठी, तिथल्या तिथे रचलेली. शब्द काय होते ते भिकुबाईने कुणाला सांगितलं नाही, म्हणून ते या कथेतही येणार नाहीत.

शालिग्रामचे खांदे हलायला लागले. बघणाऱ्यांना वाटलं, गडी रडतोय. समाधान पुढे धावला. मग पदर बाजूला झाला आणि शालिग्राम पोट धरून हसत होता, डोळ्यांतून पाणी गळत होतं, आणि हसता हसताच ओरडला, "पानी आना रे! आक्काले चूळ भरानी शे!"

लोटा त्याने स्वतः तिच्या हातात दिला. भिकुबाईने केळीच्या बुंध्यात चूळ टाकली. मग त्यानेही लोटा तोंडाला लावला, इतक्या दिवसांचं जे काही तोंडात कडू साचलं होतं ते बाहेर टाकलं. सांजोरी कुठली असायला मळ्यात? कुंदाबाई उठली, घडातलं एक पिवळं पडलेलं केळं तिने सोललं आणि रडत-हसत भिकुबाईच्या तोंडात कोंबलं. "माले बी सांग ना वं, काय बोलनी त्याले?" तिने विचारलं. भिकुबाईचं तोंड केळ्याने भरलेलं होतं. गाडीजवळ हितेंद्र फोनमध्ये काहीतरी लिहायला लागला, मग त्याने तो खिशात घातला आणि चालत ऋतिकाकडे आला.

लग्न ठरल्या मुहूर्तावरच झालं. मळ्यातला तो प्रकारही त्याच संध्याकाळी सगळीकडे गेला, हे सांगायला नको. पदराआडची म्हातारी आणि हसणारा सासरा आधीच्या गाण्याहून जास्त लोकांनी बघितला. भांडण बघायला आलेले लोक त्या पदराशी अडून राहिले. हळदीच्या दिवशी, हाताला हळद असलेली ऋतिका करंगळीने फोन सरकवत आजीला वाचून दाखवत होती. नागपूरहून विचारतात, आजी काय बोलल्या? इंदूरहून विचारतात. दुबईहून कुणी विचारतं, कृपा करून कुणीतरी सांगा.

भिकुबाई भारावून ऐकत होती. कोण कुठली माणसं, आणि सगळी तिच्या एका पदराबाहेर ताटकळत उभी. "आन तो?" तिने विचारलं. "तुना तो, समुद्रना पल्याडना? त्याले तं बठ्ठं समजस. तो काय म्हनस?"

ऋतिकाने तो तुकडा लावला. कंपनीचं यंत्र बोलण्याचे शब्द आपोआप खाली लिहीत होतं. पाण्यासाठी शालिग्रामने मारलेली हाक त्याने लिहिली होती, कुंदाबाईचा प्रश्न लिहिला होता. पदर आडवा होता त्या जागी मात्र एवढंच होतं. ऋतिकाने वाचलं, "ऐकू आले नाही."

भिकुबाईचे हळद कालवणारे हात थांबले. तिने डोळे मिटून घेतले.

"एकदाव परत वाच," ती म्हणाली.

ऋतिकाने परत वाचलं.